भूगावच्या टेकडीपलीकडचं महायुद्ध

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ईप्र गावाभोवतीच्या खेड्यांतून आम्ही दोघी सायकलवर हिंडलो. रस्त्यावर वाहन जवळजवळ नाही, दोन्ही बाजूंना शेतं आणि मधूनमधून पहिल्या महायुद्धाच्या खुणा. इकडे भूगावला सोसायटीच्या फाटकाबाहेर सायकल काढायची म्हटलं तरी छातीत धस्स होतं. रहदारी नसलेला रस्ता, खेडी आणि युद्धाचा इतिहास, असं आपल्याकडे काही आहे का? की किल्ले चढून जाणं एवढंच आपल्या नशिबी? वय ५९, गुडघे अजून साथ देतात. — एक वाचक, भूगाव

उत्तर : आहे, आणि तुमच्या घरापासून फार लांबही नाही. फक्त पौड रस्ता आधी उरकून टाकावा लागतो, तो टाळता येत नाही. चांदणी चौक ते पिरंगुट या पट्ट्यात कंपन्यांच्या बस, खडीचे डंपर, शाळांच्या पिवळ्या गाड्या आणि शनिवार-रविवारी ताम्हिणी-लवासाला निघालेलं निम्मं पुणं असतं. तेव्हा निघायचं ते मंगळवारी किंवा बुधवारी, तेही पहाटे, मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवून. मानस तलावापासून पिरंगुट सात-आठ किलोमीटर भरेल. मधल्या चढाला घाबरू नका. ज्या गावात २०१७ साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, त्या गावच्या माणसानं मांड्यांच्या ताकदीची काळजी करू नये.

पिरंगुटला डावीकडे लवासाचा रस्ता घ्या. उरवडे येतं, पुढे मुठा घाट. हा रस्ता चांगला आहे, आणि त्याचा त्रासही तोच आहे. सुट्टीच्या दिवशी मोठमोठ्या मोटारसायकलींचे जथे इथून असे सुटतात की सायकलवाल्यानं कडेच्या गवतात उतरावं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातच्या आत मात्र तुम्ही, दूधवाला आणि शाळेत निघालेली दोन-चार पोरं, एवढीच वर्दळ. घाट उतरून मुठे गाव आलं की लवासाकडे जाणारे सरळ टेमघरच्या दिशेनं जातात. आपण डावीकडे वळायचं, नदीच्या उताराबरोबर, बहुलीकडे.

तुम्ही विचारलेला रस्ता इथून सुरू होतो. बहुली, सांगरुण, मांडवी, कुडजे अशी गावं. रस्ता अरुंद, कुठे सिमेंटचा, कुठे डांबर उखडलेला, आणि बाजूला भाताची खाचरं. दिवाळीनंतर गेलात तर काढणी चालू असते. बांधावर भाताच्या पेंढ्या, खळ्यावर झोडणी, आणि रस्त्याच्या अर्ध्या रुंदीत वाळत घातलेलं भात. ते तुडवायचं नाही, सायकल उतरून हातानं ढकलत न्यायची. गाववाले एवढं बघतात आणि मग पाणी विचारतात. एप्रिलमध्ये गेलात तर त्याच खाचरांत राब भाजलेले काळे चौकोन दिसतात. पावसाळ्यात जायला मी सांगणार नाही. घाटात धुकं असतं, दरडीची माती रस्त्यावर आलेली असते, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना मुळशीची आठवण होते.

सांगरुणला मुठेला आंबी आणि मोसे या नद्या मिळतात. मोसे खोरं म्हणजे बाजी पासलकरांचा मुलूख. पुढे खडकवासला धरणाचं पाणी पसरत जातं आणि पलीकडे, दक्षिणेला, सिंहगड उभा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची कथा तुम्हाला मी सांगायला नको. मला तुमची नजर सिंहगडावरून काढून अलीकडच्या काठाकडे वळवायची आहे.

या तलावाच्या उत्तर काठावर दुसऱ्या महायुद्धात एक जहाज होतं. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या कुशीत, ब्रिटिश आरमाराच्या पद्धतीनं नाव दिलेलं : एच.एम.एस. अँगोस्टुरा. ते कधी कुठे गेलं नाही, कारण ते खरं जहाजच नव्हतं. सैनिकांना जहाजावरून उतरून किनाऱ्यावर हल्ला कसा करायचा हे शिकवण्यासाठी उभारलेला तो नकली सांगाडा होता. भूदल आणि आरमार यांना एकत्र लढायला शिकवणारं प्रशिक्षण केंद्र इथं होतं. ज्याला पोहायचीसुद्धा सवय नाही अशा माणसाला पाठीवर ओझं देऊन होडीत उतरवायचं, तर सुरुवातीला भरती-ओहोटी नसलेलं पाणीच बरं. युद्ध संपलं, सांगाडा निकामी झाला. पण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना खडकवासल्याच्या बाजूनं जी कारणं मांडली गेली, त्यांत हे जुनं केंद्र आणि हा सांगाडाही होता. लोहगावचा विमानतळ जवळ होता, हवा चांगली होती, हेही होतंच.

म्हणजे आज ज्या प्रबोधिनीच्या कुंपणाशेजारून तुमचा परतीचा रस्ता जातो, ती तिथं असण्यामागे एक महायुद्ध आहे. आणि तिच्या मुख्य इमारतीमागे तर अगदी थेट.

ती इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. लाल दगडाची, घुमटाची, फोटोत तुम्ही पाहिलेली असणार. तिला सुदानचं नाव का, हे प्रबोधिनीशेजारी आयुष्य काढलेल्या किती पुणेकरांना सांगता येईल याची मला शंका आहे. १९४१ साली सुदान सरकारनं हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयकडे, लॉर्ड लिनलिथगोंकडे, एक लाख पौंड दिले. पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेत सुदानच्या रक्षणासाठी हिंदी सैनिकांनी जे रक्त सांडलं, त्याची ती कृतज्ञता होती. युद्ध संपल्यावर, तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिकवणारी संस्था हवी म्हणून सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि हा निधी त्या कामी लावायचं ठरलं. मग फाळणी आली. टेबल-खुर्च्यांपासून सगळं वाटलं गेलं, तसे हे पौंडही. भारताच्या वाट्याला ७० हजार आले, बाकीचे पाकिस्तानला गेले. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली, प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन १६ जानेवारी १९५५ ला झालं, आणि सुदान ब्लॉकचं ३० मे १९५९ ला, सुदानच्या राजदूतांच्या हस्ते.

आत जायला पूर्वपरवानगी लागते. फाटकावर सायकल टेकवून 'जरा बघून येतो' चालत नाही, आणि कुंपणाचे फोटोही काढू नयेत. पण बाहेरून जाताना एवढं माहीत असलं की पुरे.

आता रक्त सांडलं म्हणजे कुठे? त्या मोहिमेतली सगळ्यात कठीण लढाई एरिट्रियातल्या केरेनची. उंच, उघडे, काटेरी झुडपांचे डोंगर, मधून एक अरुंद खिंड, आणि वर इटालियन फौज दबा धरून बसलेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये झुंज सुरू झाली आणि २७ मार्चला केरेन पडलं. चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन तिथं लढल्या. पाचवीत एक पलटण होती, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १५ मार्चला तिनं 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी घेतली. तिचे कमांडर होते कर्नल डेनिस रीड. रेजिमेंटमध्ये सांगतात, की उन्हात तो चढ चढून माणसं थकलेली असताना 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आरोळी तिथं पहिल्यांदा उठली आणि मग तीच मराठा रेजिमेंटची युद्धघोषणा झाली. किल्ल्यावर आज जी घोषणा घसा ताणून दिली जाते, तिचं सैन्यातलं जन्मगाव आफ्रिकेत आहे. सिंहगडाकडे तोंड करून सायकल मारताना हे आठवलं की मला दर वेळी गंमत वाटते.

त्याच मोहिमेतलं आणखी एक नाव पुण्याशी बांधलेलं आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. जानेवारी-फेब्रुवारी १९४१ मध्ये सुदान-अबिसिनियाच्या सीमेवर पळणाऱ्या इटालियन फौजेचा पाठलाग चालला होता आणि वाटेत सुरुंग पेरलेले. भगत पुढच्या गाडीत बसून चार दिवस, ५५ मैल, वाट साफ करत गेले. पंधरा ठिकाणचे सुरुंग त्यांनी हुडकून काढून घेतले. दोनदा गाडी खालून उडाली तरी थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातला हिंदी सैन्याच्या अधिकाऱ्याला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो.

ईप्रशी तुलना करायची तर फरक इथं आहे. तिकडे युद्ध लोकांच्या शेतात येऊन बसलं होतं, म्हणून तिकडे खंदक आणि कबरी. विसाव्या शतकात आपल्या खाचरांत कुणी खंदक खणले नाहीत. इथून माणसं गेली. फ्रान्समध्ये नव-शापेलला हिंदी सैनिकांचं जे स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. पुन्हा मुलीकडे गेलात तर सीमा ओलांडून तिथं जरूर जा, ईप्रहून फार लांब नाही. आपल्याकडे हा इतिहास एखाद्या इमारतीच्या नावात, तहसील कचेरीच्या आवारातल्या पुतळ्यात, फार तर देवळाच्या भिंतीतल्या संगमरवरी पाटीत सापडतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. त्या गावाला आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. अशा खुणा ठाऊक नसतील तर समोर असून दिसत नाहीत. कबरीच पाहायच्या असतील, तर एखाद्या रविवारी पहाटे खडकीचं युद्ध स्मशान गाठा. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांची दफनं तिथं आहेत, गवत कापलेलं, ओळी सरळ. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ठिकठिकाणच्या दफनभूमींत पुरलेल्या १,८०० हून जास्त जणांची नावंही तिथं कोरली आहेत. पण तिथं जायला अख्खं शहर पार करावं लागतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

मुठा खोऱ्याचा हा फेरा भूगाव ते भूगाव साठ-पासष्ट किलोमीटरचा होतो. शेवटचा भाग, उत्तमनगर-शिवणे-वारजे-चांदणी चौक, अगदी रटाळ आणि गर्दीचा. माझं ऐकाल तर तो करूच नका. मांडवीपर्यंत जा, पाण्याकाठी डबा खा आणि आल्या वाटेनं परत फिरा. जाताना उतार असलेली नदीकाठची वाट परतताना हलका चढ होते, आणि घाट दोन्ही बाजूंनी एकेकदा चढावा लागतो, एवढंच. तेही नको असेल तर गाडीच्या मागे सायकल बांधून मुठ्यापर्यंत न्या. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : दोन दिवस काढता आले तर याच विषयावर आणखी लांब कुठे जाता येईल?

उत्तर : माणगावला. ताम्हिणी उतरून. आणि हा प्रवास मघाच्या गोष्टीचाच पुढचा भाग आहे.

केरेनला लढलेली तीच तिसरी बटालियन पुढे इटलीत गेली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिची एक कंपनी हल्ला करत होती. तिच्यातल्या एका तुकडीचे प्रमुख होते नाईक यशवंत घाडगे, वय बावीस, गाव पळसगाव-आंबोली, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून सगळी तुकडी पडली, कुणी मेलं, कुणी जखमी झालं. आता हुकूम द्यायला हाताखाली कुणी नाही. माणूस अशा वेळी आडोसा शोधतो. घाडगे सरळ मशीनगनवर धावले. बॉम्ब फेकून गन आणि ती चालवणारा दोन्ही उडवले, टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. उरले दोघं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्यानं त्या दोघांना लोळवलं. ठाणं एकट्यानं घेतलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच ठाण्यात पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी आलेली माणसं त्याच्या सावलीत कागद नीट लावत बसलेली असतात. स्मारकाचा असा रोजचा उपयोग व्हावा हे मला आवडतं. इटलीतही, पेरुजा प्रांतातल्या मोंतोने गावी, जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं एक स्मारक उभं राहिलं, आणि ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात. मानवंदनेचा चबुतरा नेहमीचाच, त्यापेक्षा ही कल्पना कितीतरी बरी.

भूगाव ते माणगाव नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर धरा. पहिल्या दिवशी पौड, मुळशी धरणाचा काठ, ताम्हिणी गाव. तिथल्या आसपास मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाट उतरून विळे, आणि फाट्यावर कोलाडला न जाता निजामपूरमार्गे माणगाव. हा रस्ता मुठा खोऱ्याइतका शांत नाही, हे आधीच सांगतो. रुंदीकरणानंतर ट्रक वाढले, आणि विळ्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी तर वाढलेच. पण धरणाकाठचा तुकडा, जिथं रस्ता पाण्याला बिलगून वळणं घेत राहतो, तो मधल्या वारी अजूनही निवांत असतो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, थांबत थांबत उतरा. रिम तापून ट्यूब फुटलेली मी पाहिली आहे.

धरणापाशी थांबलात तर तिथली लढाईही ध्यानात असू द्या. महायुद्धाची नव्हे, पण लढणाऱ्याला 'सेनापती' म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीनं इथं धरण बांधायला घेतलं, गावं आणि भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या, आणि १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी बांधाच्या जागी जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेल्या माणसानं इथं बायाबापड्यांबरोबर निःशस्त्र बसून राहावं, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत नवलाचं वाटतं. धरण झालंच. पाण्याची पातळी खाली गेलेल्या उन्हाळ्यात तुम्ही तिथून गेलात, तर पाणी काय काय पोटात घेऊन बसलंय याचा अंदाज येतो.

माणगावहून परत यायला ताम्हिणीमार्गे एस.टी. आहे. सायकल घेतील की नाही हे गाडी कुठली आणि वाहकाची मर्जी काय यावर. चाकं काढून पोत्यात बांधलेली सायकल सहसा सामान म्हणून खपते.

प्रश्न : आणि मराठ्यांच्या लढाया? सायकलवरून पोचता येईल असं एखादं रणांगण?

उत्तर : वडगाव मावळ. पौडहून कोळवण खोऱ्यात शिरा, हाडशीवरून तिकोना पेठ, मग पवनानगर, कामशेत आणि वडगाव. सत्तर-ऐंशी किलोमीटर, एका बाजूनं. कोळवण ते तिकोना हा तुकडा उत्तम. कामशेतनंतर जुना पुणे-मुंबई रस्ता, म्हणजे दहा किलोमीटर जीव मुठीत धरून कडेनं चालवणं. परतीला वडगावहून लोकल आहे, सायकलचं काय ते तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्या.

वाटेतला तिकोना पुरंदरच्या तहात, १६६५ साली, दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरनं लोहगड, विसापूरबरोबर हाही किल्ला घेतला. पण वडगावची गोष्ट उलटी आहे, इंग्रजांच्या शरणागतीची, म्हणून सायकल तिकडे न्यावी.

राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या डिसेंबरात खंडाळ्याला पोचली. सुमारे चार हजार सैनिक आणि ओझी वाहायला तब्बल १९ हजार बैल. खंडाळा ते कार्ला हे आठ मैलांचं अंतर तोडायला तिला अकरा दिवस लागले. दिवसाला पाऊण मैल! तुम्ही-आम्ही सायकल हातात धरून चालत गेलो तरी दुपारच्या जेवणाच्या आत पोचू. तोपर्यंत महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके सगळे गोळा झाले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. हाच 'इष्टुर फाकडा'. शत्रूच्या कप्तानाला मराठ्यांनी 'फाकडा' म्हणवणाऱ्या मानाजी शिंद्यांच्या पंक्तीला नेऊन बसवलं, यातच काय ते आलं. वडगावला त्याची समाधी दाखवतात.

९ जानेवारीला फौज तळेगावात शिरली तर गाव जाळून रिकामं केलेलं. धान्य नाही, वैरण नाही, आणि पुढे पुणंही जाळायची तयारी आहे अशी बातमी. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, दारूगोळा आणि सामान पेटवून फौज गुपचूप मागे निघाली. गुपचूप काही राहिलं नाही. पहाटेच्या आत मराठे तिच्यावर तुटून पडले. पिछाडी कॅप्टन हार्टलेनं हिंदी शिपायांच्या बळावर सांभाळली म्हणून बाकीचे वडगावपर्यंत पोचले तरी. साडेतीनशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. मग तह झाला : १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत, राघोबा हवाली. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो तह पुढे झिडकारला, आणि राघोबाही निसटले. म्हणजे कागदावर काही उरलं नाही. पण वडगावात विजयाचं स्मारक आहे, आणि तळेगावला गेलात तर तळ्याकडे तुमची नजर वळल्याशिवाय राहणार नाही.

प्रश्न : सायकलचा स्वतःचा युद्धाशी काही संबंध आला का?

उत्तर : भरपूर, आणि आपल्याच सैनिकांना त्याचा फटका बसला. डिसेंबर १९४१ ते फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजेनं मलाया ओलांडून सिंगापूर घेतलं, ते मोठ्या प्रमाणावर सायकलींवरून. इंग्रज पूल उडवत मागे हटत, जपानी सायकल खांद्यावर घेऊन नदी उतरत आणि पुन्हा टांग मारत. टायर फाटले की नुसत्या रिमवर चालवत, आणि रात्री त्या खडखडाटाला रणगाडे समजून समोरच्यांची पळापळ होई, असं सांगतात. समोरच्यांत दोन हिंदी डिव्हिजन होत्या. सिंगापूरला कैद झालेल्या त्याच हिंदी सैनिकांतून पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. १९५४ साली दिएन बिएन फूला व्हिएतनामींनी सायकलींवरून दोन-दोनशे किलो माल जंगलातून ढकलत नेला आणि फ्रेंचांना हरवलं.

युद्धातली एक सायकल तुम्हाला घराजवळ पाहता येईल. कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स नावाचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. तिथं बी.एस.ए. कंपनीची, हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकल आहे. चौकटीला मधोमध दोन बिजागऱ्या आणि दोन पंखाचे नट, ते सैल केले की सायकल दुमडते. नट हातानं फिरवता येतील असे मोठे ठेवलेत, अंधारात पाना शोधत बसायला नको म्हणून. भूगावहून चांदणी चौक उतरला की कर्वेनगर फार लांब नाही. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

प्रश्न : बाईमाणसानं एकटीनं जावं का? आणि सायकल कुठली?

उत्तर : पहिल्यांदा दोघी जा. भीतीपोटी म्हणत नाही. मुठा खोऱ्यात बऱ्याच जागी फोनला रेंज नसते, आणि पंक्चर काढताना एकीनं चाक धरलं की दुसरीचं काम निम्मं होतं. गावांतून एकट्या बाईला सायकलवर बघून 'कुठनं आलात, कुठं चाललात' हे विचारतीलच. ते चौकशी म्हणून घ्या, आणि खरं काय ते सांगा. गावात चार जणांना आपली वाट माहीत असणं हा चांगला विमा.

सायकल पातळ टायरची, शर्यतीची नको. बहुलीच्या रस्त्यावर ती दात खिळखिळे करेल. मध्यम रुंद टायर आणि चढाला पुरेसे हलके गिअर असले की झालं, त्यासाठी लाखभर रुपये मोजायची गरज नाही. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, चेनला तेल. पाणी दोन लिटर तरी हवं. मुठ्यानंतर दुकानं तुरळक, आणि जी आहेत ती सकाळी आठ-नऊच्या आत उघडतीलच असं नाही, तेव्हा भाकरी-चटणी बांधून घ्या. हेल्मेट पौड रस्त्यावर उतरण्याआधीच चढवायचं, फाटकातच. डिसेंबरात पिरंगुटच्या पुढे पहाटे थंडी चांगलीच झोंबते, हातमोजे विसरू नका.